गरजेपुरता माणूस

नळ गळायला लागला की प्लंबर हा 'दादा' होतो. "दादा, जरा येऊन बघता का हो? रात्रभर टपटप चाललंय, डोळ्याला डोळा नाही." दादा येतात, पिशवीतून पाना काढतात, मोरीत वाकतात. त्यांना चहा विचारला जातो, साखर किती तेही विचारलं जातं. नळ थांबतो, पैशांची गोष्ट निघते आणि दादांचे नुसते 'अहो' होतात. ते जिना उतरून गेले की घरातलं मंडळ शेजारी सांगतं, "तो प्लंबर आला होता मेला, वायसर बदलायचे पाचशे घेऊन गेला!" तासाभरात एक माणूस आदरार्थी बहुवचनातून निघून एकवचनात येऊन पडलेला असतो. बरं, एवढ्या वेळात त्याच्या ज्ञानात, स्वभावात किंवा पान्यात काडीचा फरक पडलेला नसतो. फरक पडलेला असतो तो नळात.

गिरगावात गणेश चतुर्थीच्या सकाळी गुरुजींना जो मान असतो, तो पाहून एखाद्या मंत्र्यालाही हेवा वाटावा. अख्खी चाळ गॅलरीत उभी. "आले का गुरुजी? दुसऱ्या मजल्यावर दिसले म्हणे!" एरवी वर्षभर त्याच गुरुजींना कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा हाक मारत नाही. अनंत चतुर्दशीला मूर्तीबरोबर गुरुजींच्या मानाचंही चौपाटीवर विसर्जन होतं. पुढच्या वर्षी लवकर या, हे दोघांनाही लागू.

आता यात वाईट काय, असा प्रश्न आमच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला विचारला. मास्तर चाळीस वर्षं दादरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ते जगाची उत्तरपत्रिका तपासत असतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "गरजेपोटी का होईना, मान दिला ना? मग झालं तर! तुम्हाला काय, माणसाच्या पोटात शिरून बघायचंय? स्वार्थानं जेवढं चांगलं होतं तेवढं पदरात पाडून घ्यावं. प्रेमानं चांगलं व्हायची वाट बघत बसाल तर नळ गळतच राहील."

मास्तरांचा हा मुद्दा जर्मनीतल्या इमान्युएल कांट नावाच्या तत्त्वज्ञालाही पडला होता. त्याने 1785 साली लिहिलेल्या पुस्तकात एक दुकानदार आहे. लहान मूल आलं तरी तो जास्त पैसे घेत नाही, सगळ्यांना एकच भाव. पण का? तर गिऱ्हाईक टिकावं म्हणून. कांटचं म्हणणं असं की, हा दुकानदार वागतो बरोबर, पण त्याच्या या वागण्याला नीतीचे मार्क देता यायचे नाहीत. कांटला गिरगावातला वाणी माहीत नव्हता, नाहीतर त्याने मुळात वागण्याचेच मार्क कापले असते. तो विषय वेगळा. प्रश्न तोच आहे: स्वार्थापोटी केलेलं चांगलं काम, हे चांगलं काम म्हणायचं की नाही?

मी मास्तरांना म्हटलं, "याचं उत्तर तुमच्या गणितात नाही, क्रिकेटमध्ये आहे. पालवणकर बाळू."

मास्तर म्हणाले, "पण चेंडू टप्प्यावर ठेवा."

तेव्हा टप्प्यावरच सुरुवात करतो. बाळूचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. घराणं चर्मकार समाजातलं, म्हणजे त्या काळच्या हिशेबात अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे लहानपण पुण्यात गेलं. पहिली नोकरी तिथल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि मेंबरांना हुक्की आली की त्यांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास तो साहेबांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये. डावखुरा होता, चेंडू अलगद सोडायचा आणि तो दोन्हीकडे वळवायचा. जे. जी. ग्रेग नावाचा तिथला सगळ्यात चांगला फलंदाज सरावाला रोज त्यालाच बोलवायचा आणि बाळूने त्याला बाद केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. मास्तरांनी ताबडतोब हिशेब केला: आठ वेळा दांडी उडवली की महिन्याचा पगार सुटला. ग्रेगने असा किती पगार वाटला त्याचा जमाखर्च राहिलेला नाही. पण बाळू गोलंदाज कसा झाला, ते यावरून कळतं.

मात्र यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. या साहेबांना बाळूने शेकडो तास चेंडू टाकले, पण हातात बॅट घेऊन उभा राहा, असं त्याला एकदाही कुणी म्हटलं नाही. फलंदाजी ही हौस, गोलंदाजी ही हमाली. आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. खुद्द इंग्लंडात क्रिकेटवाल्यांच्या दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळतो तो 'जंटलमन', पैसे घेतो तो नुसता 'प्लेअर'. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकंसुद्धा वेगळी. धावफलकाच्या कागदावर जंटलमनच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापायची आणि प्लेअरची आडनावाच्या नंतर. 1950 च्या सुमाराला लॉर्ड्‌सच्या कर्ण्यावरून गंभीर आवाजात सांगण्यात आलं होतं की, टिटमस या खेळाडूची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली आहेत, ती मागे वाचावीत. दुसरं महायुद्ध होऊन गेलं, हिंदुस्थान हातचा गेला, पण टिटमसची आद्याक्षरं जागेवर पाहिजेत! हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार बंद झाला 1962 साली. त्यामुळे पंक्तिभेदाचा शोध आपणच लावला, असा अभिमान कुणी बाळगू नये.

याच वादावरून रग्बीचे तर दोन तुकडे झाले. इंग्लंडच्या उत्तरेला कापडगिरण्यांची आणि कोळशाच्या खाणींची गावं. तिथे रग्बी खेळणारे लोक गिरणीत, खाणीत राबणारे. शनिवारी सामना म्हणजे कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला. आता हा 'खाडा' लालबाग-परळच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तिथे पूर्वी मूल 'आई' आणि 'बाबा' यांच्या पाठोपाठ तोच शब्द शिकत असे. उत्तरेचे क्लब म्हणाले, खेळाडूंना खाड्याची भरपाई द्या. दक्षिणेचे सभ्य गृहस्थ म्हणाले, छे छे, पैशाने खेळाचं पावित्र्य जातं. ज्याला परवडत नाही त्याने खेळूच नये. शेवटी 29 ऑगस्ट 1895 या दिवशी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. त्या चुलीवर पुढे जो खेळ शिजला, तो म्हणजे रग्बी लीग. त्याचे खेळाडू पंधराचे तेरा झाले, आणि 1901 साली जिम लोमस नावाच्या गड्याला एका क्लबाने शंभर पौंड मोजून दुसऱ्याकडून घेतलं. माणसाला पहिल्यांदा एवढा भाव आला म्हणून लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले.

मास्तरांना ही गोष्ट फार आवडली. "बघा! क्लबांना सामने जिंकायचे होते म्हणून मजुराला भरपाई मिळाली. परळच्या गिरण्यांनी तरी काय केलं? चांगला कबड्डीपटू दिसला की खात्यात चिकटवून टाकला. गिरणीला ढाल मिळाली, पोराच्या घरी चूल पेटली. हा स्वार्थच, पण किती गोड स्वार्थ!"

गोड खराच. पण इथे एक बारीक गोम आहे. क्लब त्या मजुराला भरपाई देत होता ती सामन्याच्या दिवसाची. रविवारी तो आजारी पडला तर ते त्याचं तो बघेल. गरजेची भाकरी गरजेएवढीच थापलेली असते.

बाळूचं तसंच झालं. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांचा संघ हरवायचा होता. साहेबाचा सगळ्यात चांगला फलंदाज रोज कुणाला बिचकतो, हे सगळ्या गावाला ठाऊक. तेव्हा बाळूला संघात घ्यावं का, यावर खल झाला. धर्म एका बाजूला, विकेट दुसऱ्या बाजूला. विकेट जिंकली. बाळू संघात आला. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातात फिरायचा. बाळूने टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाने धरायचा, त्याने तो स्लिपमधल्याकडे द्यायचा, असा पुन्हा बाळूकडे. चामड्याचा चेंडू, चर्मकाराच्या हातून आलेला, आणि त्याला कुणी ओला करून पवित्र करून घेतोय असं काही नाही. त्या चेंडूला विटाळ नव्हता.

मग चहाची वेळ व्हायची. बाकीचे दहा जण तंबूत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घ्यायचे. बाळूचा चहा बाहेर यायचा, मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फेकून द्यायच्या. तोंड धुवायला पाणी हवं असलं तर मैदानाच्या कोपऱ्यात त्याच्यासारख्याच एका गड्याने आणून द्यायचं. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. पंधरा मिनिटांनी पंच बाहेर आले की हा माणूस पुन्हा स्पृश्य!

मला या पंधरा मिनिटांचं फार नवल वाटतं. शास्त्रात प्रायश्चित्तं आहेत, शुद्धी आहेत, पंचगव्य आहे. पण हातात नवा चेंडू दिला की विटाळ फिटतो आणि चहाची किटली दिसली की पुन्हा चढतो, असा श्लोक काही कुठे नाही. तो त्या मंडळींनी स्वतःच रचलेला असणार. धर्माचा नळ गळत नव्हता, संघाचा गळत होता. म्हणून संघापुरता प्लंबर आत.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता म्हणे. तरी याने सात बळी घेतले. पुण्यात परतल्यावर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. त्या वेळी रानड्यांनी संघातल्या बाकीच्या मंडळींना सुनावलं की, ज्याच्या पंक्तीला बसून खेळता, त्याच्या पंक्तीला बसून जेवायलाही शिका. न्यायमूर्तींनी निकाल दिला खरा, पण हायकोर्टाच्या निकालाचं जे होतं तेच याचंही झालं. अंमलबजावणीला वेळ लागला.

ती अंमलबजावणी झाली मुंबईत. प्लेगच्या सुमारास बाळू इकडे आला, आधी लष्करात, मग रेल्वेत नोकरीला लागला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. गिरगावच्या पश्चिमेला रेल्वेचे रूळ ओलांडले की पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने ओळीने लागतात. आज त्यांच्या समोर मरीन ड्राइव्ह आहे, तेव्हा समुद्रच होता. त्या वाऱ्याचा गुण म्हणा किंवा मुंबईच्या लोकलचा. ज्या गावात चौथ्या सीटवर कोण येऊन टेकलाय हे विचारायची सोय नाही, त्या गावात सोवळं टिकवणं कठीणच. इथेही आधी कुरकुर झाली, पण शेवटी बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम जिमखान्याच्या मंडळींबरोबर जेवायला बसू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूचे आठ बळी होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकाने लिहिलं की, पुण्यात या माणसाला फक्त खेळायला घेतलं होतं, मुंबईत त्याला पंगतीत घेतलं. हा विजय क्रिकेटपेक्षा मोठा आहे.

मास्तर कट्ट्यावर ताठ बसले. "मग? काय म्हणत होतो मी? सुधारकांनी तीस वर्षं व्याख्यानं देऊन जे झालं नाही, ते एका चषकाच्या हावेपायी झालं. स्वार्थ हाच खरा समाजसुधारक! त्याचा पुतळा उभारा."

मी म्हटलं, "पुतळ्याची वर्गणी गोळा करायच्या आधी एक षटक थांबा. अजून कॅप्टनशिप यायची आहे."

आता कॅप्टन कसा निवडावा याचे आपल्याकडे दोनच नियम आहेत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट तो कॅप्टन. तो शून्यावर आउट झाला तरी चालतो, रुसून घरी जाता कामा नये, कारण त्याच्याबरोबर बॅटही जाते. आणि गल्लीच्या बाहेर? तिथेही तोच नियम, फक्त बॅट मोठी. 1911 साली हिंदी संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. त्याचे कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्यांचं वय विशीच्या अलीकडे. ते थोडे सामने खेळले आणि बाकीचा वेळ मेजवान्यांना व राज्यारोहणाच्या समारंभाला हजर राहिले. पस्तिशीचा बाळू मात्र खेळत राहिला, टाकत राहिला. संघ 23 सामने खेळला, त्यांतले 15 हरला आणि 6 जिंकला. बाळूने त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंट्यांना आपण हरवलं, त्यांपैकी सॉमरसेटला शेवटच्या गड्याने. तिथे नाबाद 113 करणारा शिवराम. म्हणजे ही घरचीच कामगिरी.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल की, मी बाळूला 'तो' म्हणतोय आणि महाराजांना 'ते'. यात माझा दोष नाही. खेळाडूला एकेरीत घेणं हे आपल्याकडे लाडाचं लक्षण आहे. सुनील खेळला, सचिन आला. पण महाराजांना एकेरीत घ्यायला मराठी व्याकरण तयार होत नाही. 'महाराज पहिल्या चेंडूवर बाद झाले' हे वाक्य जितकं सहज येतं, तितकं 'महाराज बाद झाला' येत नाही, जीभच अडते. टिटमसची आद्याक्षरं आणि आपलं आदरार्थी बहुवचन ही एकाच आईची लेकरं. माणूस काय करतो यावरून क्रियापद ठरत नाही, बॅट कोणाची यावरून ठरतं.

तो इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्याचा सत्कार केला. मानपत्र लिहिलं ते एल्फिन्स्टन कॉलेजातल्या विशीच्या एका विद्यार्थ्याने. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. हे लोक बाळूला हार घालत होते तेव्हा त्यांचा कुठलाही नळ गळत नव्हता. त्यांना त्याच्याकडून विकेट नको होती. आपला माणूस एवढा उंच उभा राहू शकतो, हे डोळ्यांनी बघायचं होतं, बस.

आणि हिंदू संघाचं कर्णधारपद? त्याच्याइतका अनुभवी, त्याच्याइतका जाणता दुसरा नाही, हे सगळ्यांना कबूल. दरवर्षी चर्चा व्हायची, दरवर्षी नाव दुसऱ्याचं यायचं. मास्तर, इथे तुमचा स्वार्थ गप्प बसला. का, सांगतो. बळी घेण्यासाठी बाळूच लागायचा, त्याला पर्याय नव्हता. पण नाणेफेकीला जायला, क्षेत्ररक्षण लावायला, चषक हातात घेऊन फोटोला उभं राहायला कुणीही चालतं. तिथे गरज नाही, आणि जिथे गरज नाही तिथे गरजेपुरता मान पोचत नाही. नळ थांबला की दादा जिन्यात. घरात दादांचं खरोखर काय स्थान आहे, हे नळ गळत असताना कळतच नाही.

मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हरलाच शेवटी?"

नाही, हरला नाही. पण पुढचं जे झालं ते स्वार्थाने झालं नाही. 1913 साली एम. डी. पै याला कर्णधार केलं, त्याचा सत्कार झाला. अशा वेळी सत्कारमूर्तीने काय बोलायचं असतं ते ठरलेलं आहे: मी याला पात्र नाही, हे आपलं प्रेम, वगैरे. लोक टाळ्या वाजवतात आणि बटाटेवड्याकडे बघतात. पैने मात्र हे वाक्य खरंच उच्चारलं. तो म्हणाला की हा मान माझा मित्र बाळू याला मिळायला हवा होता, तो माझ्याहून ज्येष्ठ आहे. गळ्यात हार असताना तो दुसऱ्याचा आहे, असं भर सभेत सांगणारा कर्णधार मी तरी दुसरा ऐकलेला नाही. हे बोलून पैला काय मिळालं? काही नाही. हिशेब केला तर तोटाच.

मग 1920 साली पुण्याला चौरंगी सामने होते. बाळू चव्वेचाळीस वर्षांचा, त्याला संघातून वगळलं. पै आजारी पडला, तेव्हा कर्णधारपद पुण्याच्या देवधरकडे गेलं. बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल हा त्या संघातला अनुभवी फलंदाज. त्याचा विचारही झाला नाही. विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघातून बाहेर पडले आणि हे जातीमुळे घडतंय, असं त्यांनी वर्तमानपत्रात पत्र देऊन जाहीर सांगितलं. खेळाडूने सामना सोडणं म्हणजे काय, ते गिरणीकामगाराला विचारा. हाही खाडाच, आणि त्याला सहा शिलिंगांची भरपाई नव्हती. गावभर चर्चा झाली. अंतिम सामन्याच्या वेळी भाऊ परत आले, पै बरा होऊन कर्णधार झाला, बाळूला उपकर्णधार केलं आणि पै मैदानाबाहेर गेला तेवढा वेळ बाळूने हिंदू संघाचं नेतृत्व केलं. एका आयुष्याची कॅप्टनशिप तासांत मोजण्याएवढी. त्यानंतर तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल कर्णधार झाला, संघ जिंकला आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. गणिताचा मास्तर चष्मा पुसतो तेव्हा तो उत्तर बदलत नाही, रीत बदलत असतो. ते म्हणाले, "तरी मी म्हणतो, आधीच्या पंगती झाल्या नसत्या तर पैला ते बोलायचं सुचलंच नसतं. शेजारी बसून जेवल्यावर माणूस कळतो. आणि शेजारी बसवलं कुणी? स्वार्थानं."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. कांटला मान्य झालं नसतं, पण कांट आयुष्यभर आपलं गाव सोडून फारसा कुठे गेला नाही, आणि पंगतीला कोण शेजारी येईल हा प्रश्नच त्याला पडला नाही. गरजेला दार उघडता येतं, हे खरं. अगदी घट्ट बसलेली, पिढ्यान्‌पिढ्या न उघडलेली दारं ती धडाक्यात उघडते. पण गरज संपली की ती दार लावून घेऊन निघून जाते, तिला तेवढंच काम असतं. ते दार उघडं ठेवायचं तर कुणीतरी उंबरठ्यावर बसून राहावं लागतं. पै बसला, विठ्ठल-शिवराम बसले. तिघांच्याही हिशेबात तोटा. मला वाटतं, चांगुलपणाचं खातं तिथेच उघडतं, जिथे आपला फायदा संपतो आणि तरी आपण हात मागे घेत नाही. तोवर जो चालतो तो व्यापार. व्यापार वाईट नसतो. फक्त त्याला चांगुलपणाची पाटी लावू नये.

गरजेने बाळूचा पिच्छा क्रिकेट सुटल्यावरही सोडला नाही. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात डॉक्टर आंबेडकर उभे होते. परळच्या बीआयटी चाळीत आंबेडकर वीसेक वर्षं राहिलेले, अलीकडेच दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून तिकडे गेलेले. गल्ली न् गल्ली त्यांना ओळखते. त्यांच्यासमोर उभं करायला काँग्रेसला एक नाव हवं होतं, ज्याला परळचा माणूस टाळू शकणार नाही असं. त्यांनी बाळूला तिकीट दिलं. म्हणजे ज्याने मानपत्र लिहिलं आणि ज्याला ते मिळालं, ते दोघे एकमेकांच्या विरुद्ध! आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूला 11,225. साठीतल्या गोलंदाजाने शेवटपर्यंत टप्पा सोडला नाही, असंच म्हणायला हवं. पण इथेही त्याच्या हाती चेंडू होता तो दुसऱ्याच कुणाला तरी विकेट हवी होती म्हणून.

बाळू गेला 1955 साली, मुंबईतच. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21. हे आकडे मास्तरांनी दोनदा ऐकून घेतले आणि "उत्तम गुण" असा शेरा मारला.

उठता उठता आम्ही चहा घ्यायला दादर स्टेशनच्या बाजूला गेलो. हल्ली तिकडे मातीच्या भांड्यातला चहा मिळतो. तो नेहमीच्या चहापेक्षा महाग असतो. कॉलेजातली पोरं रांग लावून घेतात, आधी त्याचा फोटो काढतात, मग पितात, आणि पिऊन झालं की भांडं फेकून देतात. मास्तरांनी ते भांडं हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. आत चहा होता हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही, तो माझ्या चपलेवर सांडला.

"शंभर-सव्वाशे वर्षांत," मास्तर म्हणाले, "मडक्याला बरे दिवस आले म्हणायचे."

मी म्हटलं, "त्याची गरज निर्माण झाली, मास्तर."